रिकामी दिसणारी वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा पीएमटीत ड्रायव्हर होते. पहाटे चारला उठून वुजू, नमाज, मग एक कप चहा आणि स्वारगेटचे आगार, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. मी कविता लिहितो हे त्यांना बरेच उशिरा कळले. तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बसवर लिहिलंस का कधी?" मी लिहिले नव्हते. चंद्रावर लिहिले होते, पावसावर लिहिले होते, बाभळीवरसुद्धा लिहिले होते. पण ज्या बसच्या पगारावर मी बी. ए. झालो, त्या बसवर एक ओळ नव्हती. आज जे बोलणार आहे, ते त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे, असे समजा. विषय मात्र कवितेचा नाही. विषय आहे, गजबजलेल्या शहरात बससाठी वेगळी वाट राखण्याचा, म्हणजे ज्याला आपण पुणेकर 'बीआरटी' म्हणतो त्याचा.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या रनकॉर्न या नव्याने वसवलेल्या गावात १९७१ साली केवळ बससाठी रस्ते बांधले गेले. पण नव्या गावात हे सोपे असते. घर बांधतानाच देवळी ठेवावी, तसा तिथे बसचा रस्ता आधीच ठेवता येतो. खरी परीक्षा असते ती उभ्या, गजबजलेल्या, भांडकुदळ शहरात. आणि त्या परीक्षेला पहिल्यांदा नीट उतरले ते ब्राझीलमधले कुरिचिबा हे शहर.

१९७१ मध्ये जाइमे लेर्नर नावाचा एक तरुण वास्तुरचनाकार त्या शहराचा महापौर झाला. तेव्हा तिथे लष्करी राजवट होती आणि महापौर निवडून येत नसे, नेमला जाई. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जगभरच्या लोकांनी त्याचे गोडवे गाताना ही गोष्ट बहुधा गाळली. मत मागायला जायचे नसले की रस्ता खोदणे सोपे जाते! १९७२ मध्ये लेर्नरने शहराचा मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद करायचे ठरवले. काम सुरू केले शुक्रवारी संध्याकाळी, कचेऱ्या आणि कोर्टे बंद झाल्यावर, आणि सोमवारपर्यंत रस्त्यावर फरशी व फुलझाडे आली होती. पुढे मोटारवाले गाड्यांचा ताफा घेऊन रस्ता परत मिळवायला येणार, अशी बातमी आली. लेर्नरने पोलीस बोलावले नाहीत. रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरले आणि शाळेतली मुले चित्रे काढायला बसवली. मुलांच्या अंगावर गाडी कोण घालणार?

पण लेर्नरचे खरे काम चित्रांचे नव्हते, भूमितीचे होते. भुयारी रेल्वे शहराला परवडणारी नव्हती. तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की रेल्वे जलद का असते? ती लोखंडी रुळांवर धावते म्हणून नव्हे. तिच्या वाटेत दुसरे कोणी येत नाही म्हणून. मग बसच्या वाटेतही कोणी आले नाही तर? १९७४ मध्ये कुरिचिबात पहिल्या दोन बसवाटा सुरू झाल्या. मधोमध बसची वाट, तिच्या दोन्ही अंगांना स्थानिक वाहनांचे अरुंद रस्ते आणि एक-एक गल्ली सोडून वेगवान वाहनांचे दोन एकेरी रस्ते. उंच इमारतींना परवानगी या पट्ट्यातच. म्हणजे जिथे बस, तिथे वस्ती. आपल्याकडे आधी वस्ती होते, मग पाणी येते, मग रस्ता आणि सगळ्यांत शेवटी बस. त्यांनी हा क्रमच उलटा केला.

त्यानंतरही त्यांना सतरा वर्षे लागली एक साधी गोष्ट लक्षात यायला. बसचा बराच वेळ थांब्यावर जातो. पायऱ्या चढणारी म्हातारी माणसे, सुटे पैसे शोधणारे हात, दारातली रेटारेटी. अब्बा नेहमी म्हणत, "गाडी मी चालवत नाही, दार चालवतं." १९९१ मध्ये कुरिचिबाने काचेच्या नळकांड्यासारखे थांबे उभारले. तिकीट आत शिरतानाच काढायचे, थांब्याची फरशी बसच्या फरशीच्या पातळीला, बस आली की दारे उघडणार आणि माणसे खोलीतून खोलीत जावे तशी आत जाणार. पुढच्या वर्षी दोन सांध्यांची, तीन डब्यांसारखी लांब बस आली. तिच्यात २७० माणसे मावत. अब्बांचे वाक्य पोर्तुगीज भाषेत कोणी आधीच म्हटले असणार, असे मला वाटते.

तिथून ही कल्पना कोलंबियाच्या बोगोटा शहरात गेली. तिथे छोट्या खासगी बसचे राज्य होते. ड्रायव्हरची कमाई उतारूंच्या संख्येवर, त्यामुळे एकेका माणसासाठी दोन-दोन बस एकमेकींवर चालून जात. तिथले लोक या प्रकाराला 'पैशाची लढाई' म्हणत. एन्रिके पेन्यालोसा या महापौराच्या काळात, डिसेंबर २००० मध्ये, तिथे 'ट्रान्समिलेनिओ' सुरू झाली. तिने दोन गोष्टी बदलल्या. एक, बसमालकांना पैसे उतारूंमागे नव्हे, तर बस किती किलोमीटर धावली यावर मिळू लागले, आणि पळापळ थांबली. दुसरे, थांब्यापाशी बसवाट दुपदरी केली, म्हणजे थांबलेल्या बसला ओलांडून जलद बस पुढे जाऊ शकते. एवढ्याशा बदलाने एका दिशेला तासाला पस्तीस हजारांहून अधिक माणसे जाऊ लागली. हा आकडा अनेक मेट्रोंना लाजवणारा आहे. पुढे तिथेही गर्दी अनावर झाली, लोक संतापले, २०१२ मध्ये थांब्यांची मोडतोडही झाली. बस चांगली चालली की माणसे वाढतात आणि बस वाढल्या नाहीत की तीच माणसे रागावतात.

आता पुण्याकडे येऊ. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या नूतनीकरणाची मोठी योजना सुरू केली. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. त्याचे सार असे, की रस्ते वाहने हलवण्यासाठी नसून माणसे हलवण्यासाठी आहेत. आणि २००६ च्या डिसेंबरातच कात्रज-स्वारगेट-हडपसर या सुमारे सोळा किलोमीटरच्या पट्ट्यावर देशातला पहिला प्रयोग सुरू झाला, तो आपल्या पुण्यात.

मी तेव्हा स्कूटरवाला होतो. स्कूटर घेतली तेव्हा अब्बांना वाईट वाटले होते का, हे मी कधी विचारले नाही. ड्रायव्हरचा मुलगा बस सोडून स्कूटरवर बसला, एवढेच घडले होते आणि तेच सगळ्या पुण्यात घडत होते. जगात इतरत्र बसची लढाई मोटारीशी होती. पुण्यात ती दुचाकीशी होती. ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मोटारीतला माणूस बसवाटेत शिरायला बिचकतो. दुचाकीवाला बिचकत नाही. त्याला फट दिसली की ती त्याची असते.

२००७ च्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळी सातारा रस्त्यावर वाहने मुंगीच्या पायाने सरकत होती. उजव्या हाताला बसची वाट मोकळी, आरशासारखी. मी इकडेतिकडे पाहिले आणि शिरलो. वारा लागला. पंधरा मिनिटांत घर! मी दारातूनच अब्बांना सांगितले. ते तेव्हा निवृत्त झाले होते, खाटेवर बसून पेपर वाचत होते.

"मागं बस होती?" त्यांनी विचारले.

"होती."

"हॉर्न दिला?"

"नाही."

"किती माणसं होती आत?"

"मी कुठं मोजली, अब्बा?"

"ड्रायव्हर मोजतो," एवढे म्हणून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, असे म्हणालो तर ती कविता होईल. झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या वाटेत शिरलो. त्याच आठवड्यात, 'करदात्यांचा रस्ता रिकाम्या वाटेसाठी अडवू नका' अशा अर्थाच्या एका निवेदनावर सहीसुद्धा केली. सह्या गोळा करणाऱ्या गृहस्थांनी माझी सही वाचून "अरे वा, आपणही आहात का?" असे म्हटले, तेव्हा मला बरे वाटले होते. मोहल्ल्याबाहेरच्या कामात आपल्याला कोणी मोजले, याचा तो आनंद होता. आपण कोणाला मोजत नाही आहोत, हे मात्र ध्यानात आले नाही.

ते 'रिकामी वाट' प्रकरण जरा हिशेबाने पाहू. समजा, दर मिनिटाला एक बस जाते आणि तिच्यात साठ माणसे आहेत. तासाला झाली तीन हजार सहाशे. आता तुम्ही शेजारी मोटारीत अडकून त्या वाटेकडे बघत आहात. बस तुमच्यासमोरून दोन-तीन सेकंदांत निघून जाते आणि उरलेली सत्तावन्न सेकंदे तुम्हाला दिसतो तो नुसता डांबराचा पट्टा. तुमची वाट मात्र भरलेली. सिग्नलच्या रस्त्यावर एका पदरातून तासाला सातशे-आठशे मोटारी जातात. एकेकीत सरासरी दीड माणूस धरला, तर हजार-बाराशे माणसे. म्हणजे जी वाट भरलेली दिसते ती तिसरा हिस्साही माणसे नेत नाही आणि जी रिकामी दिसते ती तिप्पट नेते. डोळे वाहने मोजतात, माणसे मोजत नाहीत.

पण हा हिशेब एका अटीवर खरा आहे. दर मिनिटाला बस हवी! बस दहा मिनिटांनी येऊ लागली, की तीच वाट तासाला जेमतेम साडेतीनशे माणसे नेते, आणि मग शेजारचा माणूस चिडतो तेव्हा त्याचे चूक नसते. पुण्याची पहिली गोची इथेच झाली. वाट आधी आली, बस पुरेशा आल्याच नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन वेगळ्या बससेवा एक होऊन पीएमपीएमएल झाली तीच मुळी २००७ च्या ऑक्टोबरात, म्हणजे वाट सुरू झाल्यानंतर दहा महिन्यांनी.

दुसरी गोची थांब्यांची. बसची वाट रस्त्याच्या मधोमध, म्हणजे उतारूने आधी अर्धा रस्ता ओलांडायचा. मधोमध वाट ठेवण्याला कारण आहे. कडेला ठेवली तर रिक्षा थांबतात, दुकानांच्या गाड्या लागतात, गल्लीतून वाहने येतात. मध्य मोकळा असतो. पण मग रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची सोय हा त्या बांधकामाचा पाया झाला पाहिजे. सिग्नल हवा, उंचवटा करून वाहनांचा वेग मारणारी पादचारी पट्टी हवी, सलग पदपथ हवा. पुण्यात कामे अर्धवट असतानाच सेवा सुरू झाली. कुठे पदपथ तुटक, कुठे बसवाटच चौकापाशी विरून जाणारी. अपघात झाले, माणसे दगावली, आंदोलने झाली. 'बीआरटी' हा शब्द शहरात थट्टेचा झाला.

त्या काळात मी एकदा अब्बांना घेऊन दवाखान्यात निघालो होतो. ते म्हणाले, बसने जाऊ. थांबा समोर दिसत होता, मधोमध. आम्ही कडेला उभे. दुचाक्यांचा लोंढा थांबेना. अब्बांनी माझा हात धरला. लहानपणी त्यांनी माझा धरला असेल, मला आठवत नाही. पण मोठेपणी त्यांनी माझा हात धरल्याचा तो पहिलाच प्रसंग. दोन बस आल्या आणि गेल्या. शेवटी ते म्हणाले, "बस चांगली आहे. बसपर्यंत जायला काही नाही." आम्ही रिक्षा केली. रिक्षातून मी त्या लोंढ्याकडे बघत होतो आणि त्यातल्या प्रत्येक स्कूटरवर मला मीच बसलेला दिसत होतो.

पुण्याच्या अनुभवातून धडा घेतला तो अहमदाबादने. तिथली 'जनमार्ग' सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाली. आखणी केली तिथल्याच सेप्ट विद्यापीठाच्या मंडळींनी, प्रा. शिवानंद स्वामी यांच्या नेतृत्वाखाली. पहिला टप्पा साडेबारा किलोमीटरचा. शहराच्या सर्वांत दाटीच्या भागातून त्यांनी सुरुवात केली नाही. रुंद रस्ता निवडला, तिथे सेवा रुळवली, लोकांना पटवली आणि मग पुढे सरकले. थांबे मधल्या दुभाजकावर, बसला दारे उजवीकडे, फरशी समपातळीत, तिकीट थांब्यावरच. शिवाय त्या वाटेत फक्त त्याच सेवेच्या बस.

दिल्लीचे उलटे झाले. आंबेडकरनगर ते मूलचंद, जेमतेम ५.८ किलोमीटरची वाट २००८ मध्ये सुरू झाली. दिल्ली आयआयटीतल्या तज्ज्ञांनी ती आखली. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना तिने जागा दिली; देशात अशी कदर फार थोड्या रस्त्यांनी केली आहे. पण मोटारवाल्यांचा संताप वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून रोज उसळत राहिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१२ मध्ये वाट रद्द करण्याची मागणी फेटाळली. न्यायालयात ती टिकली, राजकारणात टिकली नाही. २०१५ मध्ये ती मोडायचा निर्णय झाला आणि २०१६ च्या जानेवारीत दुभाजक उखडायला सुरुवात झाली. त्या बसमधून जाणाऱ्यांच्या मुलाखती किती जणांनी वाचल्या असतील? बसमध्ये उभा असलेला माणूस पत्र लिहू शकत नाही, त्याचे दोन्ही हात दांडीला असतात.

आपल्याकडे पुढे २०१५ मध्ये 'रेनबो' नावाने नवी सुरुवात झाली. पुण्यात संगमवाडी ते विश्रांतवाडी, पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी ते किवळे आणि नाशिक फाटा ते वाकड. २०१६ मध्ये नगर रस्ता, २०१८ मध्ये दापोडी ते निगडी. या वेळी बंद थांबे, समपातळीची फरशी, उजवीकडची दारे होती. चुका शिकून केलेले काम होते. तरी २०२३ मध्ये नगर रस्त्यावरच्या वाटेचा काही भाग उखडला गेला. मेट्रो २०२२ मध्येच धावू लागली होती आणि शहराचे डोळे आता वर लागले होते, खांबांकडे. मेट्रोला माझा विरोध नाही. पण मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंत पुन्हा बसच लागते आणि ती पुन्हा त्याच रस्त्यावर अडकते.

मंडळी, रस्ता ही वाटणीची वस्तू आहे. बापाची जमीन दोन भावांत वाटली, तर बांध कुठे घालायचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. रस्त्यावर बांध घालायचा तर कज्जा होणारच. अभियंता बांधाची उंची सांगू शकतो, पदराची रुंदी सांगू शकतो. थांब्यापाशी डांबराऐवजी काँक्रीट घाला, नाहीतर ब्रेक लावणाऱ्या जड बसमुळे खळगा पडेल, हेही सांगू शकतो. पण बांध ओलांडायचा नाही, हे शेजाऱ्याच्या मनात कोणी घालायचे? लेर्नरला मत मागायचे नव्हते. आपल्याला मत मागूनच हे करायचे आहे, आणि ते तसेच व्हायला हवे. म्हणून ते अवघड आहे.

अब्बा आता नाहीत. माझ्या गुडघ्यांनी गेल्या काही वर्षांत स्कूटर सोडायला लावली आणि मी बसकडे परत आलो. मुलगी पिंपळे सौदागरला राहते, तिच्याकडे जाताना त्या रेनबोच्या वाटेने जावे लागते. परवा थांब्यावर उभा होतो. बस आली, दार थांब्याच्या कडेला लागले आणि माझ्या पुढच्या नऊवारीतल्या आजी पाय न उचलता, घराच्या एका खोलीतून दुसरीत जावे तशा आत गेल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. मला वाटले.

जरा पुढे गेल्यावर बसचा वेग एकदम उतरला. पुढे एक स्कूटर होती. चालवणारा तरुण होता, पाठीवर पिशवी, घाईत. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. तो नुसता त्याच्या मागे मागे, त्याच्याच वेगाने जात राहिला. मी दांडी धरून उभा होतो. मान वळवून पुढून मागेपर्यंत पाहिले आणि मोजायला लागलो. बेचाळीस माणसे होती. मला धरून त्रेचाळीस.